फील्ड थिअरी दोनदा राहिली. कर्ल, डायव्हर्जन्स डोळ्यांसमोर कसं आणायचं?

केळीची बाग (प्रश्न)

नमस्कार. मी रावेर तालुक्यातली, जळगावला इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चौथ्या सेमिस्टरचे बाकीचे विषय पहिल्याच झटक्यात निघाले. मशीन्समध्ये तर वर्गात दुसरी आले. पण इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड दोनदा राहिला, दुसऱ्या वेळी तीन मार्कांनी. आता हिवाळी परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरलाय.

दहावीपर्यंत मी गावातच मराठीत शिकले. सुरुवातीला वाटायचं की अडचण इंग्रजीची आहे. तसं नाही हे आता कळलंय. सूत्रं सगळी पाठ आहेत, झोपेतून उठवून विचारलं तरी स्फेरिकल कोऑर्डिनेटमधला डायव्हर्जन्स लिहून देईन. पण गणित समोर आलं की हात थांबतो. मागच्या पेपरात कोअ‍ॅक्सिअल केबलमधलं क्षेत्र काढायचं होतं. मी गॉसचा नियम (बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारं क्षेत्र आतल्या चार्जवर ठरतं, तो) लावला आणि पृष्ठभाग घेतला गोलाचा. अर्धा तास गेला तरी उत्तर येईना. घरी येताना बसमध्ये लक्षात आलं की तिथे सिलिंडर घ्यायला हवा होता, पण का हवा होता ते अजूनही नीट सांगता येत नाही.

माझं अडतं ते इथे:

कर्ल आणि डायव्हर्जन्स यांचा अर्थ काय? वर्गात विचारलं तर "डेल क्रॉस आणि डेल डॉट" एवढंच उत्तर मिळालं. ते तर मला लिहिता येतंच.

स्फेरिकलमध्ये तो आर वर्ग साईन थीटा येतो कुठून?

आणि पुढे सबस्टेशनवर किंवा लाईनवर काम करणाऱ्याला हा विषय खरंच लागतो का?

पप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बेटा, मोटारीचं वायंडिंग तुला कळतं, मग हे का कळत नाही?" त्यांनी साध्या मनानं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून तोच प्रश्न डोक्यात आहे.

पांझराकाठ

माझाही हाच विषय राहिला होता, मागच्या उन्हाळीला निघाला. पेपरपुरतं सांगतो. एका कोऑर्डिनेटमधून दुसऱ्यात जायची गणितं रोज दोन कर, ती हमखास येतात. बाउंडरी कंडिशनचं, म्हणजे दोन पदार्थांच्या सीमेवर क्षेत्र कसं बदलतं त्याचं, एक गणित असतंच. प्लेन वेव्हला घाबरू नको, तिथे सूत्रं कमी आणि आकडेमोड जास्त आहे. मोकळ्या जागेचा इम्पिडन्स ३७७ ओहम एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम होतं. आणि व्हेक्टरवर बाण, युनिट व्हेक्टरवर टोपी काढायला विसरू नको. मी विसरायचो, माझे मार्क तिथेच जायचे.

अर्थ मात्र मलाही नीट कळलेला नाही. कोणी सांगणार असेल तर मीही वाचायला थांबलोय.

चारशे केव्ही

ताई, तुझा प्रश्न वाचला आणि जेवण झाल्यावर लिहायलाच बसलो. मी चोपडा तालुक्यातला. उपकेंद्रात देखभालीला आहे, १४ वर्षं झाली. तुझा तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर मला त्यातच सापडलं.

मी डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. मृगाचा पहिला पाऊस झालेला. आमच्या शिवारात ११ केव्हीची तार तुटून काळ्या मातीत पडली. फीडर ट्रिप झाला नाही, म्हणजे लाईन आपोआप बंद पडली नाही. जमिनीतून जाणारा करंट कमी असला की रिलेला, म्हणजे बिघाड ओळखून लाईन तोडणाऱ्या यंत्राला, तो नेहमीच्या लोडसारखाच वाटतो, तार पडून राहते आणि जिवंत असते. आमचा सालदार बैलजोडी घेऊन निघाला होता. तारेपासून तीन-चार पावलांवर पुढचा बैल एकदम खाली बसला आणि उठलाच नाही. तारेला त्याचा स्पर्शही झालेला नव्हता. सालदार बैलाच्या शेजारीच होता. त्याच्या पायांना झिणझिण्या आल्या, तो मागे पडला आणि वाचला. गावात म्हणाले, जनावराचा काळ आला होता. मी रात्रभर वही घेऊन बसलो.

आता तू हे गणित माझ्याबरोबर कर. तार जिथे टेकली तिथून २० अँपिअर जमिनीत शिरतात असं धर. मातीची रेझिस्टिव्हिटी, म्हणजे ती करंटला किती अडवते ते, १०० ओहम-मीटर धर. करंट खाली आणि चहूबाजूंना सारखा पसरतो, म्हणजे अर्ध्या गोलातून. अर्ध्या गोलाचं क्षेत्रफळ दोन पाय (π) आर वर्ग. करंट भागिले क्षेत्रफळ केलं की मिळते करंट डेन्सिटी (J), तिला रेझिस्टिव्हिटीनं गुणलं की ई, म्हणजे विद्युत क्षेत्र. इंटिग्रेट केलं की व्होल्टेज येतं: ३१८ भागिले अंतर. तारेपासून १ मीटरवर ३१८ व्होल्ट, २ मीटरवर १५९, साडेतीन मीटरवर ९१.

बैलाचं तोंड तारेकडे होतं. पुढचे पाय २ मीटरवर, मागचे साडेतीनवर. त्याच्या अंगावर १५९ वजा ९१, म्हणजे ६८ व्होल्ट. ओले खूर, आणि करंटचा रस्ता पुढच्या पायांतून मागच्या पायांत, मध्ये काळीज. सालदाराचं पाऊल साठ सेंटिमीटरचं. त्याच्या दोन पायांत ३७ व्होल्ट आले, पायात प्लास्टिकचे बूट होते आणि करंट एका पायातून दुसऱ्या पायात गेला, छातीपर्यंत पोचला नाही.

आणि हेही बघ. तोच बैल त्याच जागी आडवा उभा असता तर? पुढचे आणि मागचे पाय तारेपासून जवळपास सारख्याच अंतरावर आले असते. दोन्हीकडे व्होल्टेज सारखं, फरक जवळजवळ शून्य. जागा तीच, तार तीच, फक्त तोंड फिरलं. ई डॉट डीएलमधला तो डॉट हेच सांगतो: क्षेत्राच्या दिशेनं किती चाललास, तेवढंच मोजायचं. ग्रेडियंट म्हणजे कोणत्या दिशेला व्होल्टेज सगळ्यांत झपाट्यानं बदलतं ती दिशा आणि तो वेग. मला हे वर्गात कळलं नव्हतं, बैलानं शिकवलं. तो बैल आमच्या गोठ्यातच जन्मला होता.

तार पडलेली दिसली तर पाय जुळवून, बारीक उड्या मारत लांब जायचं, हेसुद्धा या गणितातूनच येतं. घरी सगळ्यांना सांग.

आता डायव्हर्जन्स. तुमच्या केळीत ठिबक असेलच. नळीच्या एका तुकड्याभोवती मनातल्या मनात पिशवी बांध. तुकड्यात ड्रीपर नसेल तर जेवढं पाणी एका तोंडानं आत आलं तेवढंच दुसऱ्या तोंडानं बाहेर गेलं, बेरीज शून्य. पिशवीत ड्रीपर आला की तेवढं पाणी जास्तीचं बाहेर निघतं. पिशवी लहान लहान करत एका टिंबावर आणली की उरतो तो डायव्हर्जन्स. विद्युत क्षेत्रात ड्रीपर म्हणजे चार्ज. चुंबकीय क्षेत्रात ड्रीपर कुठेच नाही, म्हणून तिथे कायम शून्य.

कर्लसाठी टोंग टेस्टर घे, वायर न तोडता भोवती जबडा लावून करंट मोजायचं यंत्र. तुमच्या भागातल्या कोणत्याही वायरमनकडे असतो. मोटारीच्या तीन वायरींपैकी एकीभोवती जबडा लावला की अँपिअर दिसतात. वायर जबड्याच्या मधोमध धर, कडेला टेकव, तिरकी कर, रीडिंग जवळपास तेच राहतं. तीच वायर दोन वेढे देऊन जबड्यातून काढली की रीडिंग दुप्पट. तिन्ही वायरी एकदम घातल्या की शून्य, कारण जाणारा आणि येणारा करंट मिळून काहीच उरत नाही. टोंग टेस्टरचा लोखंडी जबडा म्हणजे अँपिअरच्या नियमातला बंद मार्ग. मार्ग कसाही वेडावाकडा असू दे, त्यावर एचची, म्हणजे चुंबकीय क्षेत्राची, बेरीज केली की आत अडकलेला करंट मिळतो.

या दोन गोष्टी शेजारी ठेव. शेतात पडलेल्या तारेभोवती कुठूनही कुठेही फिर आणि निघालीस तिथेच परत ये, व्होल्टेजची बेरीज शून्य. वायरीभोवती जबडा फिरवून जिथे सुरू केला तिथे आणला तर बेरीज शून्य नाही. पहिल्या क्षेत्राला कर्ल नाही, दुसऱ्याला आहे, करंट जिथे वाहतो तिथे. पाठ करायला यात काही उरत नाही.

तुझ्या केबलच्या गणिताकडे येतो, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. गॉसचा नियम कोणत्याही पृष्ठभागावर खराच असतो, गोलावरसुद्धा. पण गोल घेतलास तर प्रत्येक जागी ई वेगळा आणि कोन वेगळा, मग तो इंटिग्रलच्या बाहेर काढणार कसा? ज्या पृष्ठभागावर ई सगळीकडे सारखा आणि काटकोनात येतो, तोच निवडायचा. केबल लांब आणि गोल, म्हणून सिलिंडर. पेन उचलायच्या आधी केबलचं चित्र काढ आणि ईचे बाण काढ. बाण ज्याला सरळ टोचतात तो तुझा पृष्ठभाग.

११ केव्हीची केबल घे. फेज ते अर्थ ६.३५ केव्ही. कंडक्टरची त्रिज्या ८ मिलीमीटर, इन्सुलेशन ३.४ मिलीमीटर धर. कंडक्टरला लागून ई येतो सुमारे २.२४ केव्ही प्रति मिलीमीटर. आता त्या इन्सुलेशनच्या प्लास्टिकमध्ये, म्हणजे एक्सएलपीईमध्ये, जॉइंट करताना चाकूचा चरा पडला आणि चपटी हवेची फट राहिली. बाउंडरी कंडिशन सांगते की काटकोनातला डी, म्हणजे एप्सिलॉन गुणिले ई, दोन्हीकडे सारखा. एप्सिलॉन आर म्हणजे पदार्थ आपल्या आतलं क्षेत्र किती पट कमी करतो तो आकडा, एक्सएलपीईचा २.३, हवेचा १. म्हणजे फटीतला ई २.३ पट: ५ केव्हीच्या वर, आणि शिखरावर ७ केव्हीच्या वर. हवा पुस्तकात ३ केव्ही प्रति मिलीमीटरला फुटते. बारीक फटीत ती जास्त सहन करते, पण फट अगदीच केसाएवढी नसेल तर इतकं नाही. मग तिथे दर सायकलला ठिणगी पडते, वर्ष-दोन वर्षं पडत राहते आणि एका रात्री जॉइंट फाटतो. असे फाटलेले जॉइंट मी हातात घेऊन बघितलेत. काळ्या झाडासारख्या फांद्या दिसतात, आणि बुंधा बरोबर त्या चऱ्यावर. तुझ्या पेपरातलं सात मार्कांचं गणित ते हेच.

लाईनवरचं एक सांगून थांबतो. दोन सर्किटच्या टॉवरवर एक सर्किट बंद करून काम करतो तेव्हा बंद लाईनसुद्धा बंद नसते. शेजारच्या चालू सर्किटचं विद्युत क्षेत्र तिच्यावर व्होल्टेज आणतं. एका टोकाला अर्थ केलं की ते जातं, पण चालू करंटचं चुंबकीय क्षेत्र लूपमध्ये व्होल्टेज आणतच राहतं, फॅराडेच्या नियमानं. म्हणून कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थ रॉड लावल्याशिवाय मी कोणालाही हात लावू देत नाही. नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी ही दोन कारणं विचारतो.

फळा आणि खडू

मी धुळ्याला पॉलिटेक्निकच्या मुलांना गणित शिकवते. दादांनी इतकं छान लिहिलंय की मी फक्त साईन थीटाचं बोलते.

पृथ्वी घे. विषुववृत्तावर एक रेखांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. जळगाव २१ अंश उत्तरेला आहे. इथे एक रेखांश केवढा? रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येतात, त्यामुळे १११ पेक्षा कमी. आपल्या अक्षांशाचं वर्तुळ पृथ्वीच्या पूर्ण त्रिज्येचं नाही, अक्षापासूनच्या अंतराचं आहे, आणि ते अंतर आहे आर साईन थीटा. थीटा ध्रुवापासून मोजायचा, म्हणजे ९० वजा २१, ६९ अंश. साईन ६९ म्हणजे ०.९३. गुणाकार केला की १०४ किलोमीटर. धुळ्याचं रेखांश ७४.८ च्या जवळ, जळगावचं ७५.६ च्या जवळ. फरक ०.८, म्हणजे सरळ रेषेत ८३ किलोमीटर. बसनं यापेक्षा थोडं जास्त पडतं, रस्ता वळणं घेतो.

आता जमिनीचा एक छोटा तुकडा घे. उत्तर-दक्षिण बाजू आर डी-थीटा. पूर्व-पश्चिम बाजू आर साईन थीटा डी-फाय. दोन्ही गुण: आर वर्ग साईन थीटा. त्याला डीआर एवढी जाडी दिलीस की घनफळ. सिलिंड्रिकलमधला तो एकटा आरसुद्धा असाच येतो, पण तो तू स्वतः काढ. विहिरीच्या गोल कठड्यावरची एक वीट डोळ्यांसमोर ठेव.

आणखी एक सांगावंसं वाटतं. तू मराठी शाळेचं लिहिलंस म्हणून. फॅराडे लोहाराचा मुलगा, पुस्तकं बांधायचं काम शिकलेला. त्याला हे गणित येत नव्हतं. १८३१ साली त्यानं इंडक्शन शोधलं ते तारेची वेटोळी आणि चुंबक हाताळून, आणि क्षेत्राच्या रेषा त्यानं कागदावरच्या लोखंडाच्या किसात बघितल्या. मॅक्सवेलनं त्याच्या रेषांना गणितात बांधलं. १८६५ च्या निबंधात त्याची २० समीकरणं आहेत. ती आज तू शिकतेस त्या चार ओळींत आणली मुख्यतः हेविसाईडनं, १८८० च्या दशकात. हेविसाईडनं १६ व्या वर्षी शाळा सोडली होती आणि तो तारायंत्रावर काम करायचा. म्हणजे चित्र आधी आलं आणि चिन्हं पन्नास वर्षांनी. तुला वर्गात ती उलट क्रमानं मिळाली. यात तुझी काही चूक नाही.

केळीची बाग

दादा, मॅडम, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. दोन दिवस वही घेऊन बसले होते. बैलाचं गणित तीनदा केलं. १०० च्या जागी ५० ओहम-मीटर घेतले तर सगळे आकडे निम्मे होतात, म्हणजे आपली काळी माती ओली असते तेव्हा धोका कमी की काय, असं वाटलं. पण मग करंटच वाढेल ना? इथे अडकलेय. विटेचं जमलं, आर डीआर डी-फाय डी-झेड.

रविवारी गावी गेले होते. वायरमनकाकांना टोंग टेस्टर घेऊन बोलावलं. स्टार्टरपाशी त्यांनीच जबडा लावला, मी लिहून घेतलं. तीन वायरींवर वेगवेगळे ११.२, ११.४ आणि १०.९ अँपिअर आले. दोन वेढे देण्याएवढी वायर नव्हती. मग तिन्ही एकदम घातल्या. शून्य यायला हवं होतं, पण ०.६ आले. पुन्हा लावलं, पुन्हा ०.६. काका म्हणाले, तीन फेज सारखे नाहीत म्हणून असेल. मला ते पटलं नाही. फेज कमी-जास्त असले तरी तीनच वायरी आहेत, न्यूट्रल नाही, मग बेरीज शून्यच व्हायला हवी. माझं कुठे चुकतंय का?

चारशे केव्ही

तुझं काहीच चुकत नाहीये. काकांचंही म्हणणं समजण्यासारखं आहे, पण तीन वायरींच्या मोटारीत फेज कितीही असमान असले तरी बेरीज शून्यच. ०.६ अँपिअर तीन वायरींमधून जातात आणि त्यातून परत येत नाहीत. ते जमिनीतून परत येतायत. टेस्टर दुसऱ्या जागी नेऊन, इतर वायरींपासून लांब धरून एकदा खात्री करून घ्या. तरीही तेच आलं तर केबलला किंवा वायंडिंगला कुठेतरी अर्थ लागलाय, म्हणजे करंट जमिनीत गळतोय. सबमर्सिबल असेल तर पहिला संशय पाण्यातल्या केबलच्या जॉइंटवर.

आज मोटार चालू करू नका. स्टार्टरच्या वरचा मेन काढून ठेवा आणि पप्पांना सांग की तोवर विहिरीच्या लोखंडी पाइपाला, स्टार्टरच्या पेटीला कोणी हात लावायचा नाही, आणि गुरं तिकडे बांधायची नाहीत. मोटारीची अर्थिंग आहे का तेही बघा. काकांकडून मेगर, म्हणजे इन्सुलेशनची तपासणी, करून घ्या.

मातीचा प्रश्न अगदी बरोबर जागी आलाय. व्होल्टेज ठरलेलं असेल तर माती ओली झाली की करंट वाढतो, म्हणून रेझिस्टिव्हिटी आणि करंटचा गुणाकार फारसा कमी होत नाही, आणि ओल्या खुरांचा रेझिस्टन्स कमी होतो ते वेगळंच. पण करंट वाढला की रिले ट्रिप व्हायची शक्यताही वाढते. दोन्ही बाजू मांडून लिही, मी तपासून देतो.

केळीची बाग

काल संध्याकाळी मोटार वर काढली. जॉइंटवरची टेप सुटून पाणी आत गेलं होतं, एका कोअरचं तांबं हिरवं पडलंय. पप्पा बराच वेळ ते हातात घेऊन बघत होते. मग त्यांनी मला विचारलं की टेस्टरनं वरूनच कसं कळलं, आणि मी त्यांना अंगणात खडूनं वायर आणि तिच्याभोवती गोल काढून दाखवला.

जॉइंट आज नवीन करतोय. मातीचं लिहून झालं की इथे टाकते.